घाट चढवणारा मागचा एक्सल

पोलादपूरजवळचं कापडे गाव सोडून आंबेनळी घाटाला लागलेल्या भरल्या ट्रकची कसोटी मागच्या एक्सलमध्ये लागते. त्यातल्या पिनियन गिअरला 6 आणि त्याने फिरणाऱ्या क्राऊन गिअरला 37 दात असले, तर प्रॉपेलर शाफ्टच्या 6.17 फेऱ्यांत चाकाची एकच फेरी. वेग घटतो, पीळ (टॉर्क) सहापट होतो, आणि तो सोसायचा एक्सल शाफ्टने. म्हणून जड गाड्यांत वजन हाऊसिंग पेलतं. शाफ्ट फक्त चाक फिरवतो, तुटला तरी चाक निखळत नाही.

टिप्परमधलं हब रिडक्शन मला जास्त हुशार वाटतं. वेगाची शेवटची घट चाकाच्या हबमध्येच होते, शाफ्टवर पीळ कमी येतो. पण फेऱ्या पोलादपूर-पनवेल महामार्गावरच्या असतील, तर हब रिडक्शनचं जादा वजन आणि खर्च कशाला? तिथे साधा एक्सलच घ्यावा.