तुच्छ कोण आणि तुच्छ लेखणारा कोण?

‘कन्टेम्प्ट’ हा इंग्रजी शब्द न्यायालयाच्या अवमानामुळे वृत्तपत्रे वाचणाऱ्यांच्या परिचयाचा आहे. त्यापासून दोन विशेषणे निघाली आहेत. ‘कन्टेम्प्टिबल’ हे तिरस्कारास पात्र असणाऱ्याला लागते; ‘कन्टेम्प्च्युअस’ हे तिरस्कार करणाऱ्याला, त्याच्या नजरेला, त्याच्या स्वराला. लाच खाणाऱ्याचे कृत्य कन्टेम्प्टिबल. दारी आलेल्या याचकाकडे नाक मुरडून पाहणारी दृष्टी कन्टेम्प्च्युअस. या दोहोंची गल्लत झाली, की दोष एकाचा आणि बोल दुसऱ्याला, असे होते.

मराठीत पहिल्या अर्थाच्या आसपास शब्दांची वाण नाही: तुच्छ, क्षुद्र, हीन, यःकश्चित. यांपैकी ‘यःकश्चित’ संस्कृतात ‘जो कोणी’ एवढेच सांगतो. मराठीत मात्र हा ‘जो कोणी’ अगदी क्षुल्लक होऊन बसला. दुसऱ्या अर्थासाठी आपण तिरस्कारयुक्त, तुच्छतादर्शक असे सामासिक शब्द योजतो. पण बोलण्यात सहज येते ते ‘तुच्छ लेखणे’. त्यातच मर्म आहे. लेखणे म्हणजे गणणे, मानणे. तुच्छता समोरच्या माणसात असेलच असे नाही. ती लेखणाऱ्याच्या हिशेबात असते.

याचकाला कसे लेखावे, याचे एक उदाहरण काशीच्या राजा घाटाशी निगडित आहे. हा घाट बांधणारे अमृतराव पेशवे हे रघुनाथरावांचे दत्तक पुत्र. १८०३ साली इंग्रजांशी करार करून, सालीना सात लाख रुपयांच्या नेमणुकीवर, ते पुण्याच्या राजकारणातून बाजूला झाले. पुढे काशीत त्यांच्या दानधर्माची ख्याती झाली. १८२४ मध्ये तेथे आलेल्या बिशप हीबर यांनी आपल्या प्रवासवर्णनात लिहिले आहे, की अमृतराव वर्षातून एका ठरावीक दिवशी ब्राह्मणांना आणि आंधळ्या-पांगळ्यांना तांदूळ व रुपया देत. एकाने दोनदा घेऊ नये म्हणून दान मिळालेल्यांना बागेत थांबवून ठेवीत. पण तेथे सावली आणि पाणी यांची सोय असे. बंदोबस्त होता, अवहेलना नव्हती.

गीतेच्या सतराव्या अध्यायात अवज्ञेने दिलेले दान तामस मानले आहे. दान तेच असले, तरी देणाऱ्याची दृष्टी ‘कन्टेम्प्च्युअस’ झाली की त्याचे पुण्य सरते. म्हणून कोणालाही यःकश्चित म्हणण्यापूर्वी, आपण त्याचे वर्णन करीत आहोत की आपल्याच दृष्टीचे, एवढे पाहावे.