सरोवरातून वर आलेले विमान

मुलांनो, लॉख नेस म्हटले की तुम्हाला लांब मानेचा तो राक्षस आठवणार. १९७६ साली काही अमेरिकन मंडळी सोनार घेऊन त्याच्याच शोधात गेली होती. राक्षस काही मिळाला नाही, पण सुमारे ७० मीटर खोल पाण्यात एक विमान दिसले! ते सप्टेंबर १९८५ मध्ये वर काढले. आता ते वेब्रिजच्या ब्रुकलँड्स म्युझियममध्ये आहे. गेल्या सुट्टीत आम्ही पाहून आलो.

हे वेलिंग्टन बॉम्बर, नंबर एन २९८०. वरचे कापड नसल्यामुळे त्याचा सांगाडा उघडा दिसतो. आजीकडची बांबूची दुरडी आठवा. बार्न्स वॉलिस यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या तशाच तिरप्या विणल्या होत्या. एक पट्टी तुटली तरी भार शेजारच्या पट्ट्या उचलतात. (माझ्यातला इंजिनियर तिथून हलेना!)

३१ डिसेंबर १९४० रोजी हे विमान आठ जणांना घेऊन स्कॉटलंडमधल्या लॉसीमाउथ तळावरून सरावाला निघाले. डोंगरांवर बर्फाच्या वादळात उजवे इंजिन बंद पडले. एका इंजिनावर उंची टिकेना. वैमानिक मारवुड-एल्टन यांनी सहा जणांना पॅराशूटने उड्या मारायला सांगितले. पाच वाचले. शेपटीकडची मशीनगन सांभाळणाऱ्या सार्जंट फेन्समला मात्र पॅराशूटने दगा दिला.

त्यानंतर ढगांच्या फटीतून पाण्याचा लांब पट्टा दिसला. तेच लॉख नेस. पाण्यावर उतरताना चाके आत ठेवावी लागतात, नाहीतर ती पाण्यात अडकून विमान पालथे होते. मारवुड-एल्टन यांनी विमान अलगद टेकवले. ते आणि त्यांचा सहवैमानिक रबरी होडीतून काठाला लागले, आणि रस्त्यावर गाडी थांबवून चक्क इन्व्हरनेसला गेले.

आमच्या धाकटीने तिथेच विचारले, "बाबा, मग फेन्सम विमानातच थांबला असता तर वाचला असता ना?"

वाचला असता, बहुधा. पण हुकूम दिला तेव्हा खाली ढग होते आणि ढगांत डोंगर. सरोवर अजून कोणालाच दिसले नव्हते. विमान डोंगरावर आदळते तर आठही जण गेले असते. मला तरी तो हुकूम बरोबरच वाटतो. धाकटीला हे पटले नाही. घरी येताना गाडीतही तिचे तेच चालले होते.

विमान वर आल्यावर त्यातले काही दिवे बॅटरी जोडताच लागले म्हणे, ४५ वर्षांनंतर! तुम्ही पाहायला गेलात तर शेपटीकडून सुरुवात करा. फेन्समची जागा तिथे होती.