महाराजांना मखमल कुणी नेसवली?

फेब्रुवारी आला की कापडाच्या दुकानांत एक ठरलेली मागणी सुरू होते. शाळेत शिवजयंती आहे, मुलाला महाराज करायचंय, लाल मखमल दाखवा. दुकानदार तागा उलगडतो, सोबत सोनेरी लेस आणि सॅटिनची पट्टी काढून ठेवतो. रात्री जागून आई मशीनवर झगा शिवते आणि १९ तारखेला मूल घामाने निथळत भाषण म्हणतं. घरी पोशाख शिवण्याची ही हौस कौतुकाचीच. पण जुन्या काळचे राजे-सरदार नखशिखांत मखमलीत वावरत, ही जी समजूत तिच्यामागे आहे, ती कितीदा खोडली तरी पुन्हा उगवते.

शंका असेल त्यांनी चित्रं पाहावीत. लंडनचं ब्रिटिश म्युझियम आणि ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम यांच्याकडे सतराव्या शतकाच्या अखेरीची शिवाजी महाराजांची चित्रं आहेत. त्यांत दिसतो तो त्या काळचा दरबारी वेश: जामा, कमरेला पटका, डोक्यावर पगडी. त्या शतकातल्या मुघल आणि दख्खनी लघुचित्रांत तर पुष्कळदा जामा इतका तलम असतो की आतल्या विजारीचा रंग बाहेरून दिसतो. आणखी शंभर वर्षं पुढे येऊ. जेम्स वेल्स या चित्रकाराने पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांना रंगवलं, ते चित्र १७९२चं. मराठी सत्तेतली ही दोन सर्वांत वजनदार माणसं, आणि अंगात पांढरी मलमल! पेशव्यांचा थाट दिसतो तो मोत्यांत आणि पाचूंत.

यात काटकसर नव्हती. हाताने कातलेल्या बारीक सुताचं कापड विणायला वेळ लागे, कसब लागे, म्हणून ते महाग असे. ढाक्याची मलमल आणि चंदेरीचं सुती कापड श्रीमंतांच्याच अंगावर दिसे. आज सुती म्हणजे साधं आणि चमकतं ते राजेशाही, हा हिशोब त्या काळाला लावून चालत नाही.

चित्रं बाजूला ठेवली तरी जाम्याची बेतणीच मखमलीच्या विरोधात जाते. जाम्याचा घेर कमरेशी दाट चुण्या घालून छातीच्या भागाला जोडलेला असतो. तलम कापडाच्या चुण्या बोटभर जागेत मावतात. मखमलीच्या चुण्या घालायला गेलं तर कमरेशी गाठोडं होतं, मशीनची सुई मोडते आणि मग चुण्या कमी करून पोशाखाचा गाऊन केला जातो. घरी शिवणाऱ्या किती जणींनी यासाठी स्वतःच्या हाताला दोष दिला असेल! दोष कापडाचा असतो.

मखमल त्या काळी नव्हती असं मात्र नाही. मुघल दरबारात ती होती. तंबूच्या कनाती, बैठका, खोगिरं, तलवारींची म्यानं यांना लागे, थंडीच्या अंगरख्यांनाही लागे. किनखाब होतं, मश्रू होतं, औरंगाबादचं हिमरू होतं. पण ती मखमल रेशमाची आणि जर चांदीच्या तारेची, सोन्याचा मुलामा दिलेली. आज दुकानात त्या नावाने मिळतं ते बहुधा पॉलिएस्टर, आणि पॉलिएस्टरच्या धाग्याचा शोध ब्रिटनमध्ये लागला १९४१ साली. ६ जूनला रायगडावर राज्याभिषेक दिनाला हे अंगात घालून चढणाऱ्याला इतिहास किती कळतो कोण जाणे, उकाडा पुरेपूर कळतो.

मग ही मखमल आली कुठून? बरीचशी रंगभूमीवरून. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही राजा कोण ते कळावं, म्हणून नाटकमंडळ्यांच्या कपडेपटाला चकाकी हवीच होती. मलमलीचा तलमपणा दिव्यांच्या उजेडात तेवढ्या दुरून दिसत नाही. पुढे सिनेमाने आणि कॅलेंडरांनी तेच उचललं, आणि भाड्याने पोशाख देणाऱ्या ड्रेपरीवाल्यांनी ते घरोघरी पोचवलं. रंगमंचावर ते चुकीचं नाही. त्याला पुरावा मानणं चुकीचं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

शिवलेले कपडे आपल्याकडे बाहेरून आले? ऋग्वेदात सुईने शिवण्याचा उल्लेख आहे आणि अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात, महाजनक जातकाच्या चित्रातल्या नर्तिकेच्या अंगात बाह्यांचा शिवलेला पोशाख आहे. ज्याला वाद घालायचाय त्याने आधी तिथे जाऊन यावं.

जुनी बेतणी घरी जमत नाही? आजच्या शर्टाची गोलाई त्याहून अवघड. जुने अंगरखे बव्हंशी सरळ पट्ट्या, तिरक्या कळ्या आणि काखेतला चौकोनी तुकडा यांवर उभे असतात. कापडाचा पन्हा बघून तुकडे पाडायचे, वाया फारसं काही जात नाही. अहमदाबादच्या कॅलिको म्युझियममधल्या पोशाखांवर बी. एन. गोस्वामी यांचा ग्रंथ आहे (१९९३), त्यात कपड्यांची रेखाटनंही आहेत. पहिला प्रयोग मांजरपाटावर करावा, मलमलीवर नंतर.

मशीनची शिलाई म्हणजे खोटेपणा? सिंगरचं यंत्र १८५१चं, तेव्हा शिवकाळातलं आणि पेशवाईतलं सगळं हातशिलाईचं, हे खरं. पण आतल्या लांब शिवणी मशीनवर आणि दिसणाऱ्या कडा हाताने, ही तडजोड जगभरचे हौशी शिवणारे करतात.

जुने रंग मळकट? मंजिष्ठेचा लाल, निळीचा निळा आणि करडईच्या फुलांचा कुसुंबी पाहिलेला माणूस असं म्हणणार नाही.

बंद कुठल्याही बाजूला चालतात? नाही. मुघल काळात जाम्याचे बंद हिंदू डाव्या काखेखाली बांधत, मुसलमान उजव्या. जुन्या चित्रातली व्यक्ती ओळखताना अभ्यासक हे बघतात. छापताना चित्र उलटं झालेलं असू शकतं, म्हणून इंटरनेटवरून उतरवून घेण्याआधी ते मूळ संग्रहालयाच्या प्रतीशी ताडून पाहावं, मगच कात्री लावावी.