प्लेटवर जाण्याआधीची पीडीएफ

हिंजवडीत चैत्र जवळ आला की दोन तऱ्हांची छपाई एकाच सुमारास निघते. एकीकडे मार्चअखेर गाठणाऱ्या कंपन्यांची माहितीपत्रके, मॅन्युअल, प्रशिक्षण पुस्तिका. दुसरीकडे ग्रामदैवत म्हातोबाच्या उत्सवाच्या पत्रिका. चैत्री पौर्णिमेला बगाड हिंजवडीहून वाकडला जाते, त्याआधी त्या घरोघरी पोचल्या पाहिजेत. पहिले काम राजीव गांधी इन्फोटेक पार्कातल्या एखाद्या मजल्यावर वर्ड नाहीतर पॉवरपॉइंटमध्ये तयार होते, दुसरे गावातल्या डीटीपीच्या दुकानात कोरल-ड्रॉमध्ये. छापायला मात्र दोन्ही कामे पीडीएफ होऊनच जातात, मग प्रेस पेठांत असो, पर्वतीच्या औद्योगिक वसाहतीत असो की भोसरीत. आणि दोन्ही बहुतेक वेळा एकाच जागी बिघडतात: पीडीएफ बनवताना पडद्यावर जी पर्यायांची चौकट उघडते, ती न वाचताच बटण दाबलेले असते.

ती चौकट म्हणजे आजच्या प्रीप्रेसचा गाभा आहे. शाई कागदाला लागण्याआधीचे सगळे काम प्रीप्रेसमध्ये येते: रंग वेगळे करणे, पाने फर्म्यात मांडणे, प्लेट काढणे. पुण्यात हे काम एके काळी दगडावर चाले. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांसह चित्रशाळा काढली आणि तिथून देवदेवतांची, ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रे शिळाछापाने घरोघरी गेली. शिळाछापात प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. कोणता रंग कुठे आणि किती, हे कारागीर डोळ्यांनी ठरवून हाताने उतरवी. एकावर एक रंग तंतोतंत बसले नाहीत तर चेहऱ्याची कड दुहेरी दिसे. आज दगडाच्या जागी ॲल्युमिनियमची प्लेट आहे आणि कारागिराच्या हाताच्या जागी पीडीएफमधले आकडे. सीटीपी यंत्र ते आकडे घेते आणि साधारण २४०० डीपीआयने चार प्लेटांवर बिंदू उमटवते. तळोज्याची टेक्नोवा कंपनी प्लेटा बनवते, कोल्हापूरची मनुग्राफ वर्तमानपत्रांची वेब ऑफसेट यंत्रे बांधते. प्लेट आणि यंत्र दोन्ही महाराष्ट्रात होतात. फाईल मात्र कशीही येते.

पीडीएफच्या आधी प्रेसला उघडी फाईल द्यावी लागे. पेजमेकरची फाईल, सोबत सगळे फॉन्ट, सगळे फोटो, सगळे एका सीडीवर. एक फॉन्ट राहिला की प्रेसच्या संगणकावर मजकूर पुन्हा वाहायचा, ओळी सरकायच्या, पाने वाढायची. ॲडोबीचे सहसंस्थापक जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ मध्ये ‘कॅमलॉट’ नावाचा प्रकल्प मांडला तो हीच अडचण सोडवायला: कागदपत्र कोणत्याही यंत्रावर उघडा, दिसेल ते सारखेच. १९९३ मध्ये ॲक्रोबॅटबरोबर पीडीएफ बाजारात आली. तिचा पाया १९८४ ची पोस्टस्क्रिप्ट भाषा. पीडीएफच्या पोटात परिच्छेद किंवा ओळ असे काही नसते. ‘अमुक फॉन्टमधला अमुक आकार अमुक जागी ठेव’ अशा आज्ञा असतात. म्हणून पान हलत नाही.

पण पान हलत नाही म्हणजे ते नीट छापले जाईल, असे नाही. पडद्यासाठीची पीडीएफ आणि प्लेटसाठीची पीडीएफ यांचे नाव एक, काम वेगळे. हा फरक पक्का करण्यासाठी आयएसओने २००१ मध्ये पीडीएफ/एक्स-१ए हे मानक आणले. त्याच्या अटी कडक आहेत: सगळे फॉन्ट फाईलच्या आत, रंग फक्त सीएमवायके किंवा स्पॉट, पानाच्या कापाची जागा नोंदलेली, आणि हे काम कोणत्या छपाईसाठी केले त्याचे प्रोफाइल जोडलेले. पुढे एक्स-३ आले आणि २००८ मध्ये एक्स-४. ही नावे इनडिझाईनच्या एक्सपोर्टच्या यादीत ‘स्मॉलेस्ट फाईल साईज’च्या शेजारीच असतात. फाईल ईमेलने जावी म्हणून अनेक जण हाच ‘स्मॉलेस्ट’ पर्याय निवडतात. त्याने रंगीत फोटो १०० पीपीआयवर येतात आणि रंग आरजीबी होतात. आर्ट पेपरवर १५० लाईनच्या स्क्रीनने छापायचे तर फोटो छापील आकारात ३०० पीपीआयचा लागतो. याच यादीतली ‘प्रेस क्वालिटी’ ४५० च्या वरचे फोटो ३०० वर आणते आणि बाकीच्यांना हात लावत नाही. कोणतीही सेटिंग फोटोतला तपशील वाढवू शकत नाही. व्हॉट्सॲपवरून आलेला सरपंचांचा फोटो मूळ कॅमेऱ्यातूनच पुन्हा मागवावा लागतो.

फोटोची चूक निदान डोळ्यांना दिसते. काळ्या अक्षराची चूक पडद्यावर दिसतच नाही, आणि मराठी छपाईचे सर्वांत जास्त नुकसान तीच करते. वर्ड, पॉवरपॉइंटमधला काळा हा आरजीबी काळा असतो: लाल, हिरवा, निळा तिन्ही शून्य. इनडिझाईन, फोटोशॉपमध्ये जे अमेरिकी स्वॉप प्रोफाइल आपोआप बसलेले असते, त्याने हा काळा सीएमवायकेत नेला की सायन ७५, मॅजेंटा ६८, पिवळा ६७ आणि काळा ९० टक्के होतो. बेरीज ३००. म्हणजे अकरा पॉइंटाचे साधे अक्षर चार प्लेटांवर जाते आणि चारही जागी शाई पडते. आता देवनागरीची ठेवण पाहा. शिरोरेषा अर्ध्या मिलिमीटरहून बारीक. अनुस्वार म्हणजे एक टिंब. रफार, ऋकार, ‘श्र’मधला तिरपा फाटा, सगळी नाजूक कामे. चारातली एक प्लेट केसभर सरकली तरी शिरोरेषेच्या वर गुलाबी आणि खाली निळसर कड येते, अनुस्वार फुगतो, ‘ष’ आणि ‘प’ लहान टाइपात सारखे दिसू लागतात. पावसाळ्यात कागद ओल धरून ताणतो, तेव्हा रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची तंतोतंत जुळणी, सांभाळणे आणखी कठीण. यंत्रावरचा माणूस तासभर झटला तरी ही कड पूर्ण जात नाही, कारण दोष यंत्रात नसून फाईलमध्ये आहे.

मजकूर फक्त काळ्या प्लेटवर, १०० टक्के काळा, ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचा रंग न कोरता त्याच्यावरच छापलेला. नियम एवढाच. पण तो पाळला गेला का, हे पडद्यावर नुसते बघून कळत नाही. ॲक्रोबॅट प्रोमध्ये ‘आऊटपुट प्रिव्ह्यू’ उघडायचा आणि रंगांच्या यादीतली काळ्याची खूण काढायची. मजकूर पूर्ण नाहीसा झाला तर फाईल बरोबर. करडी, तपकिरी अक्षरे मागे उरली तर तो मजकूर चारही रंगांत आहे. मूळ फाईलमध्ये जाऊन त्याला इनडिझाईनचा ‘ब्लॅक’ स्वॉच द्यायचा आणि पुन्हा एक्सपोर्ट करायचे. याच खिडकीत एकूण शाईची मर्यादा घालून ती कुठे ओलांडली तेही पाहता येते. चकचकीत आर्ट पेपर ३०० ते ३३० टक्के सोसतो, न्यूजप्रिंटला २४० च्या वर गेले की शाई वाळत नाही आणि समोरच्या पानाला लागते. ओव्हरप्रिंटचा उलटा धोका पांढऱ्या अक्षरांना: ती चुकून ओव्हरप्रिंटवर राहिली तर छापताना पूर्ण गायब होतात. लाल पट्टीवर पांढऱ्यात लिहिलेले मंडळाचे नाव पडद्यावर दिसते, कागदावर नुसती लाल पट्टी उरते. ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू चालू करून पाहिल्याखेरीज पत्रिका प्रेसला देऊ नये.

मराठी फाईलचा दुसरा गुंता फॉन्टचा. युनिकोड रुळण्याआधी पुण्यात सी-डॅक आणि श्री-लिपी बनवणारी मॉड्युलर इन्फोटेक यांनी मराठी डीटीपी उभे केले. आजही असंख्य दुकानांत त्याच काळातले फॉन्ट चालतात. या फॉन्टमध्ये मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात. फॉन्ट पीडीएफच्या आत असेल तर छपाई उत्तम होते. तो आत नसला आणि प्रेसच्या संगणकाने त्याजागी दुसरा लावला, तर आमंत्रणाच्या जागी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हांची रास छापली जाते. या भीतीपोटी ‘कर्व्ह करून पाठवा’ हा रिवाज पडला. सगळा मजकूर रेषाकृतीत बदलायचा, म्हणजे फॉन्टचा प्रश्नच नको. एका पानाच्या पत्रिकेला तो चालतो. पुस्तकाला आणि दिवाळी अंकाला तो घातक आहे, असे माझे ठाम मत आहे. कर्व्ह केलेल्या मजकुरात शेवटच्या क्षणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येत नाही, आणि ती फाईल पुढे कधीही शोधता येत नाही, वाचून दाखवता येत नाही. फॉन्ट आत बसवणे हाच खरा उपाय आहे, आणि पीडीएफ/एक्स तो सक्तीने करून घेते. ‘सबसेट १०० टक्क्यांहून कमी’ या ओळीने घाबरू नये. वापरलेली अक्षरे तेवढी आत जातात, इतकाच तिचा अर्थ.

युनिकोडची फाईल छपाईला सोपी, पण साठवणीत तिचीही काळजी घ्यावी लागते. ‘हिंजवडी’ हाच शब्द घ्या. टंकताना आधी ‘ह’ येतो, मग वेलांटी, मग अनुस्वार. पानावर वेलांटी ‘ह’च्या आधी उभी असते. पीडीएफ आकार ठेवते तो पानावरच्या क्रमाने, म्हणून काही प्रोग्रॅमनी बनवलेल्या फाईलमधून हा शब्द उचलला की वेलांटी पुढे आणि ‘ह’ मागे असा निघतो, आणि शोध घेतला तर सापडत नाही. आकारांसोबत मूळ अक्षरे, त्यांच्या क्रमासह, फाईलमध्ये नीट गेली तर हे टळते. अंक छापून झाल्यावर तीच पीडीएफ संकेतस्थळावर चढवायची पद्धत पडली आहे, तेव्हा एक्सपोर्टनंतर एक परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवून बघावा. काही सेकंदांचे काम आहे.

एक्स-१ए आणि एक्स-४ यांतले काय निवडावे, हे प्रेसच्या रिपवर, म्हणजे पीडीएफचे प्लेटसाठी बिंदू करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, अवलंबून आहे. एक्स-१ए पारदर्शकता चालवून घेत नाही. सावली, धूसर कडा, अर्धपारदर्शक पट्ट्या एक्सपोर्ट करतानाच सपाट केल्या जातात, आणि त्यांना लागून असलेली अक्षरे चित्र किंवा रेषाकृती होऊन शेजारच्या मजकुरापेक्षा ठळक दिसतात. शीर्षकाला सावली देण्याची हौस असणाऱ्यांनी मजकूर सावलीच्या वरच्या लेयरमध्ये ठेवावा. एक्स-४ पारदर्शकता तशीच पुढे नेते आणि सपाट करण्याचे काम रिपवर सोडते. २००६ नंतर आलेल्या ॲडोबी पीडीएफ प्रिंट इंजिनवरच्या रिपांना ते उत्तम जमते, जुन्या रिपांना नाही.

पानाच्या मापाबद्दल थोडक्यात: डेमी पुस्तकाचे पान १४० गुणिले २१६ मिलिमीटर, तर ब्लीड (कापासाठी बाहेर सोडलेली जादा कड) धरून १४६ गुणिले २२२, आणि कापाची चौकट १४० गुणिले २१६ वरच नोंदलेली. सोळा पानांचा फर्मा मांडणारे सॉफ्टवेअर हीच चौकट वाचते. जोडपाने पाठवू नयेत, एकेक पान पाठवावे.

हिंजवडीचा म्हणून एक वेगळा प्रश्न आहे. इथे पीडीएफ माणसाइतकीच प्रोग्रॅमही बनवतात: विवरणपत्रे, मॅन्युअल, प्रमाणपत्रे. त्यासाठी घोस्टस्क्रिप्ट हे मुक्त साधन सर्रास वापरले जाते, एल. पीटर डॉइच यांनी ते १९८८ मध्ये खुले केले. त्यात ‘स्क्रीन’, ‘ईबुक’, ‘प्रिंटर’, ‘प्रीप्रेस’ अशा तयार सेटिंग आहेत. ‘प्रीप्रेस’ लिहिले म्हणजे छपाईची फाईल झाली, असा समज इंजिनिअर मंडळींत आढळतो. तो चुकीचा आहे. ही सेटिंग फोटो ३०० डीपीआयवर राखते, फॉन्ट आत बसवते, पण रंगांना हात लावत नाही. आरजीबी आत गेले तर आरजीबीच बाहेर येते, आणि फाईल पीडीएफ/एक्स होत नाही. रंगबदल, प्रोफाइल आणि एक्सचे मानक वेगळे सांगावे लागते. काळा मजकूर काळ्या प्लेटवरच राहावा ही तजवीज तर मूळ प्रोग्रॅममध्येच करावी लागते. कोड लिहिताना हे एकदा बसवले की पुढची प्रत्येक प्रत बरोबर निघते, म्हणून या गावातल्या इंजिनिअरांकडून अपेक्षा जास्त आहे.

पुणे विद्यार्थी गृहाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मुद्रण अभियांत्रिकीची पदवी मिळते. रंग, रिप, प्लेट जाणणारी माणसे पुण्यातच घडतात आणि चांगल्या प्रेसमध्ये ती बसलेली असतात. त्यांना काम संपल्यावर नव्हे, सुरू करताना फोन करा. कागद कोणता, प्रोफाइल कोणते, एक्स-१ए की एक्स-४, ब्लीड किती, एवढे विचारा आणि त्यांची ‘जॉबऑप्शन्स’ फाईल मागून घ्या. ती काही केबींची असते, इनडिझाईनमध्ये किंवा ॲक्रोबॅटच्या डिस्टिलरमध्ये एकदा चढवली की प्रेसच्या सगळ्या सेटिंग तुमच्या चौकटीत येतात. दिवाळी अंकांची पाने आता लागू लागतील. पहिले पान लावण्याआधी ती फाईल मागवा.