करिअर ऑब्जेक्टिव्ह: रेझ्युमेतल्या त्या दोन ओळींत नेमकं काय लिहायचं?

नारायणगाव, ओतूर, मंचर किंवा घोडेगाव. कुठल्याही गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन 'रेझ्युमे टाइप करून द्या' म्हणा. बहुतेक वेळा आधीच्या कुणाची तरी फाइल उघडली जाते, नाव, पत्ता आणि मार्क बदलले जातात आणि प्रिंट हातात येते. सगळ्यात वरचं 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' मात्र कुणी बदलत नाही. ते साधारण असं असतं: "टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्न्मेंट व्हेअर आय कॅन युटिलाइज माय स्किल्स फॉर द ग्रोथ ऑफ द ऑर्गनायझेशन अँड मायसेल्फ."

तुमच्या रेझ्युमेतही हेच वाक्य आहे का? एकदा उघडून बघा.

या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. अडचण अशी की ते वेल्डरलाही चालतं, अकाउंटंटलाही चालतं आणि नर्सलाही. चाकण किंवा रांजणगाव एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीत एका जागेसाठी अर्जांचा गठ्ठा आला आणि त्यातल्या बहुतेक अर्जांवर पहिल्या दोन ओळी सारख्याच असल्या, तर वाचणारा त्या ओळी सोडूनच पुढे जातो. म्हणजे कागदावरची सगळ्यात मोक्याची जागा फुकट गेली. त्यात मुलाखतीत कुणी विचारलं, "चॅलेंजिंग म्हणजे तुम्हाला नक्की काय हवंय?" तर उत्तर येत नाही, कारण वाक्य आपलं नसतंच.

मग ऑब्जेक्टिव्ह म्हणजे काय?

तीन गोष्टी. तुम्हाला कोणतं पद हवं आहे, त्या कामातलं तुम्हाला आधीपासून काय येतं आणि कंपनीला त्याचा काय उपयोग. 'मला अनुभव मिळावा', 'माझी प्रगती व्हावी' हे आपल्या मनात असणारच, पण ते समोरच्याला सांगून काही होत नाही.

लिओनार्दो दा व्हिंचीने 1482 च्या सुमारास मिलानच्या लुडोविको स्फोर्झाकडे काम मागण्यासाठी लिहिलेलं पत्र जगातला पहिला रेझ्युमे म्हणून सांगितलं जातं. आपण त्याला चित्रकार म्हणून ओळखतो. पण त्या पत्रात हलवता येणारे पूल, तोफा आणि वेढ्यात वापरायची यंत्रं आधी येतात, चित्रकला थेट शेवटी. लुडोविकोला त्या वेळी गरज कशाची आहे, हे त्याने ओळखलं होतं.

आपल्याकडचा घोळ वेगळा आहे. जुन्नर-आंबेगावची मुलं जे खरोखर येतं तेच लपवतात. घरी टोमॅटो असेल तर तोडणीच्या हंगामात मजूर लावणं, मालाची प्रतवारी, क्रेट मोजणं, नारायणगावच्या बाजारात माल पोचवणं, अडत्याकडून आलेली पट्टी तपासणं ही सगळी कामं विशीच्या आत अंगवळणी पडलेली असतात. रेझ्युमेत मात्र 'फ्रेशर' एवढंच. गोदाम, कोल्ड स्टोरेज किंवा भाजीपाला निर्यातीच्या पॅकहाउसमधली नोकरी मागताना हाच अनुभव कामाचा असतो. उदाहरणार्थ:

"पॅकहाउस सुपरवायझर (ट्रेनी) पदासाठी अर्ज. बी.कॉम. घरच्या टोमॅटोची प्रतवारी, क्रेटची मोजणी आणि विक्रीचा हिशेब तीन हंगाम सांभाळला. माल आत-बाहेर होतानाच्या नोंदी चोख ठेवू शकतो."

'मेहनती' आणि 'प्रामाणिक' हे शब्द यात कुठेही नाहीत, आणि त्यांची गरजही पडली नाही.

दुधाचं तसंच. गावातल्या संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ फॅट आणि एसएनएफ काढायला बसलेली, बी.एस्सी. झालेली मुलगी मंचर परिसरातल्या डेअरीत अर्ज करत असेल, तर तिने लिहावं: "क्वालिटी विभागात लॅब असिस्टंट म्हणून काम हवं आहे. बी.एस्सी. केमिस्ट्री. दूध संकलन केंद्रावर दीड वर्ष फॅट व एसएनएफ तपासणी आणि रोजच्या नोंदी केल्या." अवसरी खुर्दच्या शासकीय तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेल्या मुलाने खोडदच्या जीएमआरटीत 28 फेब्रुवारीच्या विज्ञान प्रदर्शनात प्रकल्प मांडला असेल, तर तो प्रकल्प कशाचा होता ते एका ओळीत यायला हवं.

लग्नानंतर काही वर्षं घरी असलेल्या आणि आता कामाला लागू पाहणाऱ्या बाईंनाही ऑब्जेक्टिव्हचा उपयोग होतो. बचत गटाचं पासबुक, कर्जाचे हप्ते, महिन्याच्या बैठकीचं इतिवृत्त सांभाळलं असेल तर पतसंस्थेत क्लार्कच्या जागेसाठी ते सांगण्यासारखं आहे. मधल्या वर्षांचा खुलासाही त्यातच होऊन जातो.

एक गोष्ट आपल्या भागासाठी खास. नवा माणूस चार महिन्यांत सोडून जाईल का, ही कंपनीची खरी काळजी असते. कारखाना जवळचा असेल तर 'राहणार मंचर, तिन्ही शिफ्टला येण्याची तयारी, दुचाकी व लायसन्स आहे' हे सरळ लिहा. अर्थात तयारी खरंच असेल तरच. पुणे-नाशिक रस्त्यावर रात्रपाळीसाठी रोज जा-ये करणं काय असतं, हे घरच्यांशी बोलून मगच ठरवा.

हे सगळ्यांनाच लागतं असं नाही. त्याच क्षेत्रात चार-पाच वर्षं काम झालं असेल तर ऑब्जेक्टिव्हऐवजी आतापर्यंतच्या कामाचा दोन-तीन ओळींचा सारांश द्या. तलाठी, पोलिस अशा सरकारी भरतीच्या ऑनलाइन अर्जात याची गरज नसते.

आधी मराठीत लिहा. आईला किंवा मित्राला वाचून दाखवा. त्यांना कळलं की मग सोप्या इंग्रजीत करा. चॅटजीपीटीला नुसतं 'ऑब्जेक्टिव्ह लिहून दे' म्हटलंत तर तो 'हायली मोटिव्हेटेड' वगैरे घालून देईल, म्हणजे पुन्हा झेरॉक्सच. आपली माहिती देऊन फक्त इंग्रजी सुधारून घ्यायला हरकत नाही. जे केलं नाही ते मात्र घालू नका. फॅट तपासली असं लिहिलंत की मुलाखतीत गायीच्या आणि म्हशीच्या दुधातला फरक विचारला जाणारच.

पदाचं नाव जाहिरातीत जसं आहे अगदी तसंच ठेवा. नोकरीच्या पोर्टलवर कंपन्या शब्द टाकून उमेदवार शोधतात. जाहिरातीत 'मशीन ऑपरेटर' असेल आणि तुम्ही 'प्रॉडक्शन वर्क' लिहिलंत, तर तुमचं नाव त्या यादीत येणं अवघड. दुसऱ्या कंपनीत अर्ज करताना या दोन ओळी पुन्हा लिहायच्या आणि फाइलला त्या पदाचं नाव द्यायचं. नाहीतर डेअरीचा अर्ज पॅकहाउसला जातो.