जुनाट धाप

एखाद्या सोमवारीं सकाळीं आपल्या नेहमींच्या डॉक्टरांच्या दवाखान्यांत जाऊन बाकावर घटकाभर बसावें आणि नुसतें ऐकावें. तापानें फणफणलेलीं मुलें तेथें असतात, पोटदुखीचे रोगी असतात. परंतु सर्वांत अधिक कानीं पडतो तो खोकला. हा आमचाच भास असेल अशी शंका कोणास येईल. पण याची मोजदाद झालेली आहे, आणि तिचा पुढाकार महाराष्ट्रांतच घेतला गेला.

पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशन या संस्थेंतील डॉ. संदीप साळवी व त्यांचे सहकारी यांनीं १ फेब्रुवारी २०११ या एकाच दिवसाची नोंद भारतांतील ८८० शहरांतून व गांवांतून मागविली. सुमारें ७,४०० डॉक्टरांनीं ती पाठविली. एकंदर २,०४,९१२ रोग्यांपैकीं निम्म्याहून अधिकांची कांहीं ना कांहीं तक्रार श्वसनाची होती. ही हकीकत २०१५ सालीं प्रसिद्ध झाली. तींत सर्दीपडशाचा भाग मोठा असणार हें उघड आहे. दिवस थंडीचे होते! परंतु त्याच गर्दींत एक निराळा रोगी मुकाट्यानें बसलेला असतो. त्याच्याविषयीं आम्हांस लिहावयाचें आहे.

हा रोगी वर्षानुवर्षें खोकत असतो. थंडी पडली कीं खोकला बळावतो, औषधाची बाटली आणली जाते, आठ दिवसांनीं बरें वाटतें, आणि गोष्ट तेथेंच संपते. पुढें जिना चढतांना धाप लागूं लागते. मग तो जिना चढणेंच सोडतो, आणि घरचीं माणसें म्हणतात, "वय झालें, चालावयाचेंच." वस्तुतः हें वय नव्हे, रोग आहे. डॉक्टर यास सी. ओ. पी. डी. म्हणतात. १९९० सालीं भारतांत या रोगाचे २ कोटि ८१ लक्ष रोगी होते, तर २०१६ सालीं ५ कोटि ५३ लक्ष, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. लोकसंख्या व वृद्धांची संख्या वाढली हें त्याचें एक कारण खरें. फुफ्फुसाचा रोग म्हटला म्हणजे आपल्याकडे क्षय तेवढा आठवतो. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचें नांव ठाऊक नाहीं असें घर त्या बाजूस विरळा. पण क्षयाचा जंतु थुंकींत सांपडतो. या रोगास जंतु नाहीं, म्हणून तो कोणी शोधीतहि नाहीं.

श्वासनलिकांच्या टोकांशीं द्राक्षांच्या घडांप्रमाणें कोट्यवधि सूक्ष्म वायुकोश असतात. धूर वर्षानुवर्षें आंत गेला म्हणजे नलिका सुजून अरुंद होतात, कफ सांचतो, आणि वायुकोशांच्या नाजूक भिंती फाटतात. श्वास आंत जातो, परंतु पुरता बाहेर पडत नाहीं; शिळी हवा कोंडून राहते. दम्यामध्यें आकसलेली नलिका औषधानें बहुधा मोकळी होते; येथें ती पुरती मोकळी होत नाहीं, आणि फाटलेली भिंत पुन्हां सांधली जात नाहीं.

धूर म्हटला कीं विडी डोळ्यांपुढें येते, आणि ती दोषी आहेच. परंतु २०१६ च्या त्याच हिशेबांत भारतांतील या रोगाच्या हानीपैकीं निम्म्याहून अधिक दूषित हवेच्या पदरीं पडली, तंबाखूच्या पदरीं सुमारें चतुर्थांश. दूषित हवेंत चुलीचा धूरहि आला. जिनें जन्मांत विडीस हात लावला नाहीं, ती माउली ओलें सरपण व गोवऱ्या फुंकीत तीस वर्षें चुलीपुढें बसली, तर तिच्या फुफ्फुसांची स्थिति विडी ओढणाराप्रमाणेंच होऊं शकते. मांडीवर मूल असेल तर तोच धूर त्याच्याहि वांट्यास येतो. १ मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेंतून गरीब घरीं गॅस पोहोंचला; तथापि भाकरीपुरती व आंघोळीच्या पाण्यापुरती चूल अनेक घरीं अजून पेटते.

रोग ओळखण्याची युक्ति जुनी आहे. १८४६ सालीं लंडनचे डॉ. जॉन हचिन्सन यांनीं श्वास मोजण्याचें यंत्र प्रसिद्ध केलें. त्याचेंच सुधारलेलें रूप म्हणजे आजचा स्पायरोमीटर. छातीभर श्वास घेऊन नळींत जोरानें फुंकावयाचें, इतकेंच. बाहेर पडलेल्या सर्व हवेपैकीं पहिल्या सेकंदांत शेंकडा सत्तरांहून कमी पडली, तर मार्ग अरुंद आहे असें समजतात. मग औषध हुंगवून पुन्हां फुंकावयास लावतात, म्हणजे दमा कीं दुसरें कांहीं याचा अंदाज येतो. सुई नाहीं, रक्त नाहीं. तरी पुष्कळ लहान दवाखान्यांत हें यंत्र नसतें, आणि निदान नुसत्या कानावर चालतें.

औषध बहुधा पंपानें हुंगावयाचें असतें. "पंप एकदां लागला कीं सुटत नाहीं," हा समज आम्हीं सुशिक्षित घरींहि ऐकला आहे. पंपाची संवय जडत नाहीं. रोग जुनाट असतो, म्हणून औषध चालू ठेवावें लागतें. शिवाय तें थेट फुफ्फुसांत जात असल्यामुळें मात्रा अत्यल्प पुरते. फाटलेले कोश त्यानें सांधत नाहींत, पण धाप कमी होते आणि धूर थांबला तर पुढची झीज मंदावते.

विद्यार्थ्यांनीं घरीं एवढें पाहावें: आई अथवा आजोबा बोलतां बोलतां श्वासासाठीं थांबतात काय, पूर्वीं एका दमांत चढत तो जिना आतां दोन दमांत चढतात काय, सकाळचा खोकला किती महिन्यांचा आहे. पुढच्या खेपेस डॉक्टरांकडे जातांना हें सांगावें, घरीं चूल किती वर्षें पेटत आहे तेंहि सांगावें, आणि फुंकण्याची तपासणी कोठें होईल असें विचारावें.