'मॅडम शिकवतच नाहीत' अशी तक्रार घरी आली तर

बीसीए किंवा इंजिनिअरिंगला गेलेली मुलं कधी कधी घरी येऊन सांगतात, "अम्मी, मॅडम शिकवतच नाहीत. प्रश्न टाकतात आणि आपसात बोला म्हणतात." एवढी फी भरलेल्या अब्बांना राग येणारच. पण हे नेमकं काय असतं, ते आधी पाहू.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात फिजिक्स शिकवणाऱ्या एरिक माझुर यांनी १९९१ मध्ये ही पद्धत सुरू केली. पुढे कॅलिफोर्नियात सॅन दिएगोच्या विद्यापीठात बेथ सायमन, लिओ पोर्टर या प्राध्यापकांनी ती कॉम्प्युटरच्या वर्गात वापरली. धडा मुलांनी आधीच वाचून यायचा. वर्गात पडद्यावर प्रश्न येतो. समजा, 'क' मध्ये ५ ठेवले, मग 'ख = क' लिहिलं, नंतर 'क' मध्ये ७ ठेवले. आता 'ख' किती? नवीन मुलं हमखास ७ म्हणतात. गणितातली 'बरोबर'ची खूण डोक्यात बसलेली असते ना! खरं उत्तर ५. त्या क्षणी 'क' मध्ये जे होतं, तेवढंच 'ख' ला मिळालं.

पण हे शिक्षक लगेच सांगत नाहीत. आधी प्रत्येकानं एकट्यानं, रिमोटसारख्या छोट्या यंत्राचं बटण दाबून उत्तर द्यायचं. मग तिघाचौघांत वाद घालायचा आणि पुन्हा बटण दाबायचं. शिक्षक फिरून ऐकतात, कोण कुठं अडलंय ते तिथंच कळतं. समजावणं त्यानंतर. ज्या घरात कॉम्प्युटर शिकलेलं कोणी नाही, तिथल्या मुलाला रात्री शंका कोणाला विचारायची? त्याची शंका वर्गातच सुटते.

सॅन दिएगोच्या प्राध्यापकांनी २०१३ मध्ये चार विषयांचा दहा वर्षांचा हिशेब मांडला. नेहमीच्या पद्धतीत नापासांचं प्रमाण सरासरी २० टक्के होतं, या पद्धतीत ७. शिक्षक तोच, विषय तोच ठेवून पाहिलं तरी २३ वरून ८ वर आलं.

मग मुलं तक्रार का करतात? २०१९ मध्ये हार्वर्डच्या फिजिक्सच्या वर्गांत एक गंमत दिसली. स्वतः डोकं चालवणारी मुलं जास्त शिकली, पण त्यांना वाटत होतं की आपण कमी शिकलो. छान भाषण ऐकलं की सगळं समजल्यासारखं वाटतंच.

अर्थात, 'चर्चा करा' म्हणून शिक्षक मोबाईल बघत बसले, तर ती ही पद्धत नव्हे. तिथं तक्रार रास्तच आहे. फरक ओळखायचा तर मुलाला एवढंच विचारा: आज प्रश्न काय होता, आधी तू काय उत्तर दिलंस आणि नंतर का बदललंस?